साधी बशी

"एकही विळा नाही गं मावशी! पाचशे मोजल्या, सगळ्या गोल!"

मायक्रोस्कोपवरून डोळा न काढताच मी ओरडले. सोमवारची सकाळ होती, साडेदहाचा सुमार, आणि माझ्या पाठीमागच्या मोरीत पंचफुलामावशी काचेच्या बाटल्या विसळत होती. मला वाटलं, आता ती हातातलं टाकून धावत येईल, भिंगात डोकावेल आणि "काय बाप्पा!" म्हणून गालावर हात ठेवेल. त्याऐवजी मागे खळकन काहीतरी फुटलं. बारा वर्षांत जिच्या हातून साधी टेस्ट ट्यूब फुटली नव्हती, त्या बाईने लिटरभराचा फ्लास्क मोरीत सोडला होता.

"लागलं का?"

"नाई." ती खाली बसून काचा वेचू लागली. मग तशीच खाली बघत म्हणाली, "सगळ्याच गोल?"

"सगळ्याच! तुझ्या पालीच्या पेशी आहेत या. नाच की जरा!"

"नाचते ना. हे काचा तं उचलू दे आधी."

ती आनंदाने गडबडली असेल असं मी धरून चालले. मी स्वतः इतकी हवेत होते की कुणाचा चेहरा नीट बघायची मला गरजच वाटली नाही.

त्या वेळी मी नागपूरच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला होते. माझं नाव संघमित्रा उराडे, गाव ब्रह्मपुरीजवळचं. आमच्या भागात सिकलसेल म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शाळेत माझ्या वर्गातच दोघं होते. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. या आजारात ऑक्सिजन कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकून बसतात आणि माणूस हाडं पिळल्यासारखा कळवळतो. आईबाप दोघांकडून दोष आला तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक; त्याचं त्याला कळतसुद्धा नाही.

आमचं काम त्या दोषावरच होतं. मावशीला मी ते एकदा तिच्या गळ्यातल्या काळ्या पोतीवरून सांगितलं होतं. "प्रत्येक पेशीत अशा दोन माळा असतात, मावशी. एक आईकडची, एक बापाकडची. एकेका माळेत तीनशे कोटी मणी. पालीच्या दोन्ही माळांत एकाच जागी एक मणी चुकीचा बसलाय. पूर्वीची हत्यारं माळ तोडून मणी बदलायची. तोडताना कधी दुसरेच मणी सांडायचे. आता नवं हत्यार आलंय, ते माळ तोडत नाही. त्या एका जागी जाऊन बसतं आणि तेवढा मणी पालटतं. अगदी मूळचा मणी परत येत नाही, पण त्याच्या जागी बिनत्रासाचा मणी येतो."

"म्हंजे पोत गाठाले पटवेकऱ्याकडे न जाता गळ्यातल्या गळ्यात मनी बदलला," मावशी म्हणाली. आमच्या सरांनी हे ऐकलं आणि पुढच्या व्याख्यानात जसंच्या तसं वापरलं. वर मावशीचं नाव घेतलं नाही, म्हणून मी त्यांच्याशी दोन दिवस फुगून होते.

पाली म्हणजे आम्रपाली, मावशीची एकुलती एक मुलगी. वय अठरा, बारावी सायन्स, जिभेला धार. दर वेळी प्रयोगशाळेत आली की विचारायची, "ताई, माझ्या पेशी जेवल्या का? माझ्यापेक्षा त्यांचेच लाड जास्त." ती चार वर्षांची असताना तिचा आजार कळला होता. तेव्हा सासू म्हणाली, खोट हिच्याच रक्तात आहे. आणि नवऱ्याने ते ऐकून भंडाऱ्याला दुसरा संसार थाटला. खरं तर त्याच्याही रक्तात तितकाच दोष होता, नाहीतर पालीला आजार झालाच नसता. मी एकदा मावशीला हे समजवायला गेले होते. "अर्धा दोष त्याच्याकडून आलाय, मावशी..."

"अन् अर्धा माह्याकडून, हेच ना? सोड तो विषय."

तिने स्वतःची तपासणी कधीच करून घेतली नव्हती. अख्ख्या संस्थेचं रक्त तपासलं गेलं तेव्हा ही बया अंगण झाडत बसली होती.

तर त्या शुक्रवारी समिती यायची होती. पालीच्या रक्ताच्या पहिल्या दोन नमुन्यांत आम्ही शंभरातले पंचेचाळीस मणी पालटले होते. आम्हाला ते आकाशाएवढं वाटत होतं, आणि समिती गेल्या खेपेला म्हणाली होती, "अर्धेसुद्धा नाहीत?" तिसऱ्या नमुन्यात काही दिसलं तर काम पुढे चालणार, नाहीतर आमची खोली भाताच्या वाणांवर काम करणाऱ्या गटाला जाणार. त्यांचा एक माणूस टेप घेऊन आमच्या खिडक्यांची मापंही काढून गेला होता. पाली उद्या बरी होईल असं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. अजून प्राण्यांवरच्या चाचण्या, मग माणसांवरच्या, वर्षं जाणार होती. ती म्हणायची, "जाऊ दे ना ताई, रांगेत नंबर तर लागला." शुक्रवारी ती रांगच मोडायची होती.

म्हणून सोमवारी मी जिने दोन-दोन पायऱ्या चढत सरांच्या खोलीत घुसले.

वझलवार सर म्हणजे शांत माणूस. कुणी बक्षीस मिळालं म्हणून पेढे घेऊन गेलं तरी आधी पेढा कुठल्या दुकानातला ते विचारतील. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत विचारलं, "साधी बशी काय म्हणते?"

दर नमुन्यातल्या, तांबड्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशींचे आम्ही दोन भाग करायचो. एका बशीतल्या पेशींना हत्यार द्यायचं, दुसरीतल्या नुसत्याच वाढवायच्या. ती दुसरी, ती साधी बशी. तिच्यात पालीचे विळे जसेच्या तसे दिसायला हवेत, तरच पहिल्या बशीतला फरक आपला. एरवी मीसुद्धा दोन्ही बघितल्याशिवाय तोंड उघडत नसे.

"बघायची राहिलीय, सर."

"बरं. ती बघ आणि मग असाच धावत ये."

मी खाली आले, साधी बशी कमी ऑक्सिजनच्या पेटीतून काढली आणि भिंगाखाली ठेवली. पाचशे मोजल्या. विळे निघाले चार.

पालीच्या साध्या बशीत शंभरात ऐंशी विळे असायचे. पुन्हा मोजल्या, पुन्हा चार. आपण बशांवरच्या चिठ्ठ्या उलट्यापालट्या केल्या असतील म्हणावं, तर दोन्ही बशा सारख्याच गोल. मी काही धावत वर गेले नाही.

मंगळवारचा दिवस पेटीवर संशय घेण्यात गेला. ऑक्सिजन नीट उतरत नसेल, नळी गळत असेल. पालीच्या आधीच्या नमुन्यातल्या गोठवून ठेवलेल्या पेशी बाहेर काढून पेटीत ठेवल्या. त्या बिचाऱ्या तासाभरात वाकल्या. पेटी शहाणी होती. बुधवारी सकाळी मी तीच तपासणी केली, जी आमच्याकडे गावच्या दवाखान्यातसुद्धा करतात. रक्तातलं हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात सोडायचं आणि पट्टे बघायचे. आजारी माणसाचा एक पट्टा येतो, दोषाचा. वाहकाचे दोन येतात, एक चांगल्याचा, एक दोषाचा.

दोन पट्टे आले.

हे पालीचं रक्त नव्हतंच. नळीवर आम्ही नाव लिहीत नसू, फक्त नंबर. हिच्यावर एन-सात होतं. कुणाचं गुपित फुटू नये म्हणून केलेली ही सोय, आणि नंबराला तोंड नसतं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पहिल्या दोन वेळी पालीशेजारी मी स्वतः बसले होते. तिसऱ्या वेळी मी मशीनवर अडकले होते म्हणून मावशीलाच म्हटलं होतं, "तूच घेऊन जा तिला खाली दवाखान्यात. नर्सला नंबर दाखव, बास." मुलीला मणी ज्यांच्याकडून आले त्या दोघांतला एक भंडाऱ्याला होता. दुसरीच्या डब्यातली भाकर मी रोज दुपारी खात होते.

त्या दुपारीही आम्ही मागच्या गच्चीत सावलीला बसलो होतो. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. मी घास हातात धरून म्हटलं, "मावशी, रक्त काढायचं होतं त्या दिवशी पालीचं प्रॅक्टिकल होतं का गं?"

ती चटणीत बोट फिरवत राहिली.

"केमिस्ट्रीचं," ती म्हणाली.

"मग दवाखान्यात कोण गेलं?"

"आता कायले इचारून राह्यली, पोरी? तुले समजलं तं हाय."

मग ती भाकरीकडे बघत सगळं सांगू लागली. "मागच्या बारीले रक्त देल्लं अन् आठ दिवसांत ते दवाखान्यात पडली. तीन दिवस सारखी 'आई, पाय तोडून टाक' म्हने. मले मालूम हाय, तू म्हनशील त्याचा याच्याशी संबंध नाई. नसंल. पन मायच्या जिवाले कोन सांगंल? अन् तू मंग पुन्हा मांगतलं. तुले नाई कशी म्हनू मी? इकडं पोट्टी, इकडं तू. मंग मी म्हटलं, माहा हात हाय ना. नऊ महिने माह्याच रक्तावर तं वाढली ते. मले वाटलं येकच असंल."

"सोमवारी फ्लास्क का फुटला मग?"

"तू म्हटली सगळ्या गोल. पालीच्या कधी सगळ्या गोल असतेत का? तवाच समजलं मले, काहीतरी घोळ झाला."

म्हणजे मी जिने चढत वर पळत होते तेव्हा काचा वेचणाऱ्या बाईला साध्या बशीचं उत्तर कळलेलं होतं.

मला राग यायला हवा होता. आला, पण सगळा स्वतःचाच आला. पाली तीन दिवस दवाखान्यात होती हे मला माहीत होतं. मी फोनही केला होता. आणि फोनवर मी विचारलं काय, तर पुढचा नमुना कधी देता येईल. मला आजही ते वाक्य आठवलं की कान तापतात.

"आता काय होईन?" मावशीने विचारलं.

"तिसरा नमुना गेला. दोनच दाखवायचे."

"अन् मंग?"

"मग भाताची रोपं."

तिने डबा खाली ठेवला, पदराने हात पुसले आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "हे पाय. माह्या हातून फ्लास्क फुटला हे सगळ्याईले मालूम हाय. त्यातच ते साधी बशीबी सांडली म्हन. धुनं-पुसनं करताना सांडते कधी कधी. ते गोलवाली तेवढी दाखव त्याईले. मले कामावरून काढतीन तं काढतीन. माह्यावर घाल सगळं."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. चांगला पाच-सहा घासांएवढा वेळ झाला. बशी सांडली या कारणावर कुणी शंका घेतली नसती. खोली राहिली असती, रांग राहिली असती. आणि हे सगळं पालीसाठीच असं स्वतःला पटवायला मला मुळीच कष्ट पडले नसते.

"मावशी," मी शेवटी म्हटलं, "ही बशी मी खरी म्हणून दाखवली, तर उद्या तिच्या भरवशावर हे औषध खऱ्या माणसाच्या अंगात जाईल. सगळ्यात आधी कुणाच्या जाईल सांग बरं?"

तिने उरलेल्या भाकरीचे दोन तुकडे केले आणि मोठा माझ्या हातात दिला. "नको मंग," ती म्हणाली. "खाय."

संध्याकाळी मावशीकडून सगळं कळल्यावर पाली आली आणि तिने आम्हा दोघींना ओळीत उभं करून घेतलं म्हटलं तरी चालेल. "आई, रक्त माझं, हात माझा, आणि मला विचारलं कोणी? प्रॅक्टिकल झाल्यावर दुसऱ्या दिवशी दिलं असतं मी! आणि ताई, तुम्हीसुद्धा. नंबर आईला सांगता, मला नाही?" मावशी इतका गरीब चेहरा करून उभी होती की शेवटी पालीलाच हसू आलं.

गुरुवारी मी सरांना सगळं सांगितलं, नाव सोडून. एवढ्या शहाण्या माणसाला नावाची गरज नव्हतीच. रागावले नाहीत. दोनच गोष्टी म्हणाले. पहिली, "ज्याचं रक्त आहे त्याची लेखी संमती घे, नाहीतर ती बशी आपल्याला बघायचाही हक्क नाही." आणि मी दाराशी पोचले तेव्हा दुसरी, "फेकू नकोस हं ती. इतक्या वर्षांत साधी बशी पहिल्यांदाच काहीतरी वेगळं बोललीय. ऐक जरा काय म्हणते."

मावशीने संमतिपत्रावर सही केली. मी तिला तिच्या रक्ताचे ते दोन पट्टे दाखवले, मग बशांचे फोटो एकमेकांशेजारी मांडून दाखवले: पालीची साधी बशी, पालीची हत्यार दिलेली बशी, आणि एन-सातची साधी बशी. मांडता मांडता माझाच हात थांबला. त्या दुपारी मी सगळी भाषणाची पानं फाडून नव्याने लिहिली.

शुक्रवारी अकराला समिती बसली. तिघं जण होते. मुख्य होते मुंबईचे डॉक्टर कारखानीस, पांढऱ्या मिशांचे, प्रश्न विचारताना पेन्सिलीने टेबलावर टकटक करणारे. मावशी नेहमीप्रमाणे चहाचे कप मांडत होती. मी उभी राहिले आणि पहिलंच वाक्य बोलले, "तिसरा नमुना चुकीच्या व्यक्तीचा निघाला. चूक माझी आहे. मी हजर राहायला हवं होतं."

पेन्सिल थांबली. "म्हणजे तुमच्याकडे दोनच नमुने. आणि त्यांत पंचेचाळीस टक्के. मागेही मी विचारलं होतं, उरलेल्या पंचावन्नाचं काय?"

"सर, तो चुकीचा नमुना तुम्ही बघाल का?"

मी एन-सातचा फोटो पडद्यावर टाकला. "हे एका वाहकाचं रक्त आहे. याला आम्ही काहीही केलेलं नाही. यातल्या प्रत्येक पेशीत दोनांतला एक मणी चुकीचा आहे. अर्धा दोष इथेही आहे, आणि पाचशेत विळे फक्त चार. म्हणजे आपल्याला सगळे मणी पालटायचेच नाहीत. पेशीतल्या दोनांतला एक पालटला तरी ती पेशी अशी गोल राहते. शंभरातले पंचेचाळीस मणी पालटले, याचा अर्थ दोन्ही मणी तसेच राहिलेल्या पेशी पंचावन्न टक्क्यांचे पंचावन्न टक्के, म्हणजे शंभरात तीसच; उरलेल्या सत्तर पेशींत निदान एक तरी पालटला. आमचे विळे ऐंशीवरून तिसाच्या आत आले ते त्यामुळेच. आम्ही तुम्हाला इतके दिवस मणी मोजून दाखवत होतो. मोजायला हव्या होत्या पेशी."

हे काही मी शोधून काढलेलं नव्हतं. वाहक निरोगी असतो हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. मी ते परीक्षेत दहा गुणांसाठी लिहिलंही होतं. पण आपल्या कामाशेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं.

कारखानीस पुढे वाकले. "पुस्तकात वाहक निरोगी असतो, मान्य. पण हा तुमचा वाहक? वय काय, काम काय, कधी त्रास झाला? काही नोंद आहे?"

"सर, नाव आणि माहिती मला सांगता येत नाही."

"मग मी कशावरून..."

"बरी हाय, साहेब."

सगळ्यांनी माना वळवल्या. मावशी चहाची किटली दोन्ही हातांत धरून कोपऱ्यात उभी होती. तिचा आवाज बारीक झाला होता, पण थांबला नाही. "सत्तेचाळीस वर्षं वय हाय. चार मजले हायेत इथं, दिसातून सहा खेपा जिन्यानं करते, बाटल्यांच्या क्रेटी घेऊन. लिफ्टमध्ये सामान नेऊ देत नाईत. बाळंतपन घरीच झालं. गुडघा दुखते मधी मधी, पन तो वयाचा असंल. आनखी काही लिहाचं असंल तं इचारा."

सरांनी घसा खाकरला. "नाव उघड होणं नियमात बसत नाही..."

"कुणाचं नाव?" कारखानीस म्हणाले. "मला कुणी नाव सांगितलेलं नाही. मला फक्त चहा बरा आहे एवढंच सांगितलं." आणि त्यांनी कप पुढे केला. "अर्धाच द्या, बाई. अर्धा पुरतो म्हणताहेत ना या."

आम्हाला सहा महिने मिळाले. बदल्यात त्यांनी एवढंच मागितलं: तिसरा नमुना खऱ्या माणसाचा, त्याच्या सोयीच्या दिवशी, आणि आकडे पेशींचे. पालीने परीक्षा संपल्यावर स्वतः येऊन दिला. मी तिच्या शेजारी बसले होते आणि ती मला धीर देत होती. सहाची पुढे दोन वर्षं झाली. भाताच्या गटाला दुसरी खोली मिळाली, तीही आमच्यापेक्षा हवेशीर.

आता माझी स्वतःची छोटी प्रयोगशाळा आहे. दर प्रयोगात आम्ही दोन नव्हे, तीन बशा ठेवतो. तिसरी वाहकाची, कुठवर पोचायचं ते कळावं म्हणून. तिच्या चिठ्ठीवर पोरं 'मावशी' असं लिहितात. नवी पोरं का म्हणून विचारतात तेव्हा जुनी त्यांना काहीतरी भलतंच सांगतात. पाली औषधाच्या दुकानात नोकरी करते, रोज गोळ्या घेते, लग्नाचं विचारलं की विषय बदलते. तिच्या अंगात अजून काही गेलेलं नाही. रांग सरकतेय, एवढंच मी छातीवर हात ठेवून सांगू शकते.

पण त्या शुक्रवारचं एक सांगायचं राहिलं.

समिती गेल्यावर मी खाली आले, तर मावशी मोरीपाशी. चहाचे कप कधीच धुऊन झाले होते. ती एक फ्लास्क धुवत होती, तिच्या रीतीने, तीन पाण्यांनी.

"मावशी, जिंकलो आपण! तू काय बोललीस गं!"

"येक इचारू?" ती म्हणाली. "खरं सांगजो."

"विचार."

"ते दोन पट्टे तू दाखवले ना मले. येक चांगला, येक खोटा. म्हंजे चांगलाबी माह्यापाशी होता." तिने नळ बंद केला. "मंग मी माह्या पोट्टीले खोटाच कसा देल्ला?"

माझं सगळं हवेतलं विमान जमिनीवर आलं. चौदा वर्षं ती तपासणीपासून का पळत होती, ते मला तेव्हा कळलं.

"तू दिला नाहीस गं. ते आपल्या हातात नसतं. डोळे मिटून दोनांतला एक उचलावा तसं असतं ते. तिच्या बापानेही तसाच..."

"त्याचं मले नको सांगू. सासू म्हने ते खरंच होतं ना मंग. खोट माह्या रक्तातच होती."

मी तिच्या ओल्या हातांतला फ्लास्क काढून बाजूला ठेवला. मला काही सुचून बोललं गेलं असं नाही. फोटो मांडताना हात का थांबला होता, ते तोंडातून बाहेर पडलं एवढंच.

"मावशी, सर, मी, वरची सगळी पोरं, चार वर्षं मान मोडून आम्ही काय करून राहिलो, तुला ठाऊक आहे? पालीचं रक्त तुझ्यासारखं करून राहिलो. बाकी काही नाही. तिच्या पेशी तुझ्या पेशींसारख्या झाल्या की ती बरी. याच्यापुढे आम्हाला जायचंच नाहीये. आम्हाला जे रक्त हवंय ना, ते तुझं आहे."

तिने फ्लास्क पुन्हा उचलला, नळ सोडला आणि तो चौथ्यांदा धुतला. पाणी काठावरून वाहत होतं तरी तिचं लक्ष नव्हतं. मग दंडाने डोळे पुसले आणि माझ्यावर डाफरली, जशी पालीवर डाफरायची.

"मंग आधी सांगाचं ना, पोरी! मी तं बारा वर्षांपासून इथंच होती."